सिंधूनं सांगितलेला आकडा

निवृत्त होऊन अमरावतीला लेकीकडे राहायला आल्यापासून बिल्कीस सिस्टरला अकोल्यातला बाळंतिणींचा वॉर्ड फार आठवतो. फिनेलचा वास, खिडकीबाहेरचा कडुनिंब आणि दोन हजार सहाची ती दिवाळी. कपाशीचं पीक पार बुडालं होतं, तरी बाया नववा महिना लागेपर्यंत वेचणीला जायच्या.

डॉक्टर रविकांत तेव्हा कळा कमी करणाऱ्या एका इंजेक्शनचा अभ्यास करत होते. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर अर्ध्या तासानं बिल्कीस प्रत्येक बाईला विचारायची, "शून्य म्हंजे काईच नाई, दहा म्हंजे जीव जाते. तुह्यं किती?" आणि आकडा कागदावर लिहायची.

एकतीस कागद झाले. बहुतेकींचं आधीही दोन, नंतरही दोन.

"उपयोग दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्या बाया मुळातच काटक. बंद करू."

त्याच दुपारी दर्यापूरकडची सिंधू आली. पहिलटकरीण.

"दोन," ती म्हणाली. पण पलंगाची दांडी तिनं अशी आवळली होती, की बोटं पांढरी पडलेली. उशाशी तिची सासू जाईबाई उभी.

"आमी तं वावराच्या धुऱ्यावर बायंत झालो," जाईबाई म्हणाली. "हूं का चूं केलं नाई."

बिल्कीसनं तिला चहाला पाठवलं आणि दार लोटलं.

"आता सांग वं बाई. कोनी आयकत नाई."

सिंधूला हुंदका फुटला. "नऊ, सिस्टर. आत्याबाईले सांगू नका."

इंजेक्शननंतर अर्ध्या तासानं तिनं चार सांगितले. दिवेलागणीला मुलगी झाली.

बिल्कीस तडक डॉक्टरांकडे गेली. "सर, सासवांसमोर विचारलं तर कोण खरं सांगेल?"

"तीन महिन्यांची मेहनत वाया!" डॉक्टर उखडले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ते एकतीस कागद बाजूला सारले, नातेवाइकांना व्हरांड्यात बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वर्ष गेलं. इंजेक्शन चांगलं लागू पडतं असं निघालं, आणि वॉर्डात मागेल तिला ते मिळू लागलं.

बिल्कीसला मात्र जास्त आठवते ती सिंधूच्या बाळंतपणानंतरची सकाळ. नात मांडीवर घेऊन जाईबाईनं हळूच विचारलं होतं, "ते सुई आमच्या येळी नव्हती काय वं?"

"नव्हती, मावशी."

जाईबाई नातीच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. "असती तं घेतली असती मी," ती म्हणाली.