तारेची तीन कडी

"या तारा काढा, पुंजारामकाका. सगळ्या काढा," दीपमाला मॅडम म्हणाल्या, आणि पुंजारामच्या हातातला फडका जागच्या जागी थांबला.

उद्या तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. अकोटच्या त्या ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं लॅब अटेंडंट असलेला पुंजाराम दर वर्षीप्रमाणे अणूचं मॉडेल पुसत होता. मधे लाल चेंडू, भोवती तारेची तीन कडी, कड्यांवर निळे मणी आणि खाली टेबलफॅनची जुनी मोटर. बटण दाबलं की मणी गरगर फिरायचे. पाच वेळा बक्षीस आणलं होतं त्यानं. काल आलेल्या मॅडमनी तारा काढायला सांगाव्यात म्हणजे हद्द झाली.

"कावून काढू? गंजल्या का?"

"नाई काका. इलेक्ट्रॉन असा ठरल्या रस्त्यानं फिरत नाई. आधी तसं समजत होते. मग शास्त्रज्ञांच्याच ध्यानात आलं, त्याचा रस्ता सांगताच येत नाई. कुठं सापडायचा संभव जास्त, कुठं कमी, तेवढंच सांगता येते." मॅडम जरा थांबल्या. "सरकीभोवती रुई कशी असते? जवळ दाट, मग विरळ, अन् कुठं संपली ते बोट ठेवून दाखवता येत नाई. तसं समजा. शंभर वर्षं होत आले या गोष्टीले."

पुंजारामला ते कळलं. दोन मिनिटांत कळलं, आणि म्हणूनच त्याच्या मस्तकात तिडीक गेली.

कारण हेच आरती बोलली होती. बारा वर्षांपूर्वी त्याची पोरगी इथंच अकरावी सायन्सला होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, हे कडे चूक हायेत. पुस्तकात पुढं देलं हाय." पुंजारामनं तिला हाताला धरून तेव्हा अकरावीला शिकवणाऱ्या खुशालराव सरांपुढे उभं केलं. सर हसले. "बाप एवढ्या वर्षांपासून बनवून राहिला, अन् तुले जास्त समजते का?" "पण सर, पुस्तकातच हाय," ती म्हणाली. सरांना उलट बोलते म्हणून पुंजारामनं तिथंच, सगळ्या वर्गासमोर, तिच्या थोबाडीत मारली. पुढच्या सोमवारी तिनं आर्ट्सला जायचा अर्ज दिला. का, ते त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मॉडेल उचलून पुंजाराम तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरला. खुशालराव सर आता प्राचार्य होते. परवानगी न विचारता आत जायची त्याची ही पहिलीच वेळ.

"सर, हे चूक हाय म्हणते मॅडम."

"चूकच हाय," सर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "पण परीक्षकांले फिरणारं आवडते. राहू दे."

"तुमाले कवापासून मालूम हाय?"

"अरे, अकरावीच्या पुस्तकातच हाय ते. वीस वर्षं तं मीच शिकवलं."

"मंग माह्या आरतीले खोटी कावून पाडली?"

"कोण आरती?" सरांनी आता वर पाहिलं. "हां, तुही पोरगी. अरे, दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. ऐन वक्तावर नवं मॉडेल कोण बनवणार होतं?"

"मी बनवलं असतं!" पुंजाराम ओरडला. व्हरांड्यातली पोरं थबकली. "एका दुपारात बनवलं असतं मी! मले फक्त सांगाचं होतं, सर. मॅडमनं दोन मिनिटांत सांगतलं. तुमाले एवढ्या वर्षांत दोन मिनिटं भेटले नाई?"

"आवाज खाली कर."

त्यानं केला नाही. अटेंडंटला काय कळतंय, असं या कॉलेजात कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

लॅबमध्ये येऊन त्यानं पक्कड घेतली आणि तिन्ही कडी तोडली. मणी फरशीवर पांगले. तरी राग उतरेना. सर खोटं बोलले होते, पण हात त्याचा स्वतःचा होता. तो सरांच्या नावावर टाकता येत नव्हता.

त्यानं आरतीला फोन लावला. ती अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसते.

"आरती, त्या तारा... तुहं बरोबर होतं."

"मले मालूम होतं, बाबा," ती म्हणाली. "तवाच."

मग फोन तसाच कानाला ठेवून ती समोर आलेल्या कुणा पोरीशी बोलू लागली. "सायन्सचा फॉर्म पाहिजे का? हा घे. नीट भर."