विमानाला हॉर्न नसतो

करडी गावच्या टेकचंदांचा विमानप्रवासावर काही आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो दरवाजा लावायच्या घाईवर.

नागपूरहून बंगलोरला, मुलाकडे, ते पहिल्यांदाच उडत होते. गोदावरीबाई धानाच्या कापणीसाठी गावीच राहिल्या होत्या. त्यांना शुगर होती, आणि घरची रीत अशी की निघालेल्या माणसाला गाडीत जागा मिळाल्याची खबर आल्याशिवाय बाईने जेवायला बसायचं नाही. स्टँडवर पोचल्याची खबर चालत नाही. पोचतो कोणीही, जागा मिळते एखाद्याला.

एसटीच्या जमान्यात याची चोख सोय होती. ड्रायव्हर तुलाराम घराजवळच्या वळणावर हॉर्न मारायचा. एक म्हणजे उभे आहेत, दोन म्हणजे बसले. त्यासाठी अर्ज लागत नसे. संक्रांतीला पायलीभर नवे तांदूळ पोचले की वर्षभराची सेवा चालू. आता तुलाराम निवृत्त आहे आणि त्या वळणावर ‘हॉर्न वाजवू नये’ अशी पाटी आहे. दोन्हींचा संबंध नसावा.

विमानात पट्टा लावण्यातच टेकचंदांची दहा मिनिटं गेली. मोबाइल काढला तोच हवाई सुंदरी रुचिका आली.

"सर, फोन फ्लाइट मोडवर टाका."

"टाकतो बेटी. घरी सांगून देतो, बसलो म्हनून."

"दरवाजा बंद झालाय, सर. आता कॉल करता येणार नाही."

"पन घरी बुढी उपाशी बसून राहिली ना! शुगर हाय तिले."

रुचिकाने तोच नियम अधिक गोड आवाजात सांगितला. टेकचंदांनी विचार केला.

"मंग पायलटसाहेबाले म्हना, दोनदा हॉर्न मारून द्या."

"सर, विमानाला हॉर्न नसतो."

"नसते? अन म्हशी आडव्या आल्या त?"

मागची रांग हसली. टेकचंद हसले नाहीत. नियम वाईट नव्हता. फक्त त्यात ओळखीचं कोणी नव्हतं.

पंधरा मिनिटं झाली तरी विमान हललं नाही. मग घोषणा झाली: आपला नंबर लागायला अर्धा तास आहे, तोवर कॅप्टनने फोनला परवानगी दिली आहे. रुचिका लगबगीने आली.

"काका, लावा लवकर!"

टेकचंदांनी लावला. "बसलो वो. जेवून घे आता."

"मी त केव्हाचीच जेवली."

"खबर नसतानी?"

"डॉक्टरनं टाइमावर जेवाले सांगतलं ना."

"अन एसटीच्या टाइमाले?"

गोदावरीबाई हसल्या.

"तवा बी. बाजूले राइस मिल घरघर करे, तुमचा हॉर्न कोठी ऐकू ये? पन वापस आले की तुमी पुसत, ऐकला का म्हनून. मी हो म्हनो. तुमाले बरं वाटे."

टेकचंदांच्या डोळ्यांपुढे ते वळण आलं, मिलचा उडणारा भुसा आला, आणि एसटीच्या खिडकीतून मान काढून घराकडे अभिमानाने बघणारा एक तिशीतला माणूस.

"म्हनजे चाळीस वर्सं तू..."

"ठेवा आता. लोकं खोळंबले असन."

त्यांनी फोन रुचिकाच्या हातात दिला. "टाक कोनत्याबी मोडवर. अन बेटी, डब्बा खाऊ का? बुढी उपाशी असन म्हनून मी बी सकाळपासून काही खाल्लं नाही."

"खा ना काका. त्याला नियम नाही."

टेबल उघडायला मात्र मनाई होती. टेकचंदांनी डबा मांडीवर घेतला.