क्विलाबरीचे पाच संदर्भ

लेखाच्या पहिल्याच ओळीला नोलीन पॅस्कोला शिसारी आली. 'क्विलाबरी संशोधन केंद्र ही मज्जातंतूंच्या आजारांवर काम करणारी देशातली अग्रगण्य संस्था आहे.' लॉन्सेस्टनच्या इस्पितळात ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढल्यावर ती इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात बिनपगारी संपादन करत होती. तिथं तिला एवढं कळलं होतं की जो खरोखर अग्रगण्य असतो, त्याला ते स्वतः सांगत फिरावं लागत नाही.

एरवी तिनं तो शब्द खोडून टाकला असता आणि चहा ठेवला असता. पण धाकट्या बहिणीनं, ब्रॉननं, हा लेख वाचून उपचारासाठी क्वीन्सलँडला, त्या केंद्रात जायचं ठरवलं होतं. ब्रॉनला मज्जातंतूंचा चिवट आजार होता. इस्पितळात दर महिन्याला सलाइनमधून जे औषध मिळायचं, त्याच्या जोरावर ती अजून काठीशिवाय चालत होती. क्विलाबरीवाल्यांची अट अशी की आधी ते औषध बंद करा, मग आमच्या पेशी टोचून घ्या.

"जाहिरातीवर जाऊ नकोस, लेखाखालचे संदर्भ बघ, हे तूच शिकवलंस ना गं?" ब्रॉन म्हणाली होती. "बघितले. पाच आहेत."

नोलीननं ते पाचही उपसून काढले. पहिला संदर्भ केंद्राचाच वार्षिक अहवाल. दुसरा एका वैद्यकीय नियतकालिकातला, आणि नियतकालिकाचा संपादक कोण, तर केंद्राचा संचालक. म्हणजे उंदराला मांजर साक्ष. तिसरा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मिळणारा कसलासा पुरस्कार. चौथ्यात एका रेडिओ केंद्रानं आपल्या संकेतस्थळावर क्विलाबरीचं पत्रक जसंच्या तसं चिकटवलं होतं, इतक्या निर्लज्जपणे की 'अधिक माहितीसाठी आमच्या जनसंपर्क विभागाशी बोला' ही शेवटची ओळसुद्धा कापली नव्हती. वाचता वाचता तिला हात धुवावेसे वाटायला लागले.

पाचवा संदर्भ मात्र खऱ्या वर्तमानपत्राचा होता. रविवारची पुरवणी, वर बातमीदाराचं नाव, किरिली हॅडो. सगळा लेख त्या एका खुंटीवर टांगलेला होता. नोलीननं तिला फोन लावला आणि 'अग्रगण्य' कुठून आणलंत म्हणून विचारलं.

"तुमच्याच ज्ञानकोशातून की," किरिली म्हणाली. तिच्या आवाजात लाज नव्हती, थोडं नवलच होतं. "दुपारपर्यंत मजकूर द्यायचा होता. तुम्ही लोक तपासूनच ठेवता ना?"

फोन ठेवून नोलीननं लेखाचा मागचा इतिहास उघडला. ते वाक्य ज्या सदस्याच्या खात्यानं घातलं होतं, त्यानं जन्मात दुसऱ्या कुठल्या लेखाला हात लावलेला नव्हता. बातमीदारानं ते उचललं. बातमी छापून आली, तशी त्याच खात्यानं ती आणून वाक्याखाली पुरावा म्हणून चिकटवली. स्वतः ओकायचं, दुसऱ्याच्या ताटातून ते परत आणायचं आणि बाजारात मिष्टान्न म्हणून मांडायचं!

लेख काढून टाकावा म्हणून तिनं चर्चा सुरू केली. अशी चर्चा आठवडाभर चालते. कुणीही यावं, मत द्यावं, कारण द्यावं. आणि ज्याचा विषयाशी घरगुती संबंध असेल त्यानं तो आधी सांगावा, अशी त्या लोकांची रीत. नोलीननं रीत पाळली. 'माझी बहीण तिथं उपचाराला निघाली आहे,' असं तिनं सगळ्यात वर लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन दिवसांत तीन अनोळखी खाती उगवली आणि लेख ठेवा म्हणून गेली. मग वोलाँगाँगहून डेस्मंड टूहीचा फोन आला. औषधांच्या भोंदू जाहिराती ज्ञानकोशातून हुसकण्यात या दोघांनी वर्षं घालवली होती. नोलीनला वाटलं, आला आपला माणूस.

"ती पोरगी फोनवर काय म्हणाली ते मी कसं धरू, नोलीन?" डेस्मंड म्हणाला. "कुठे छापून आलंय का?"

"तिनं स्वतः कबूल केलंय, डेस."

"तुझ्या कानात. उद्या कुणीही उठून सांगेल, माझ्या कानात अमक्यानं कबुली दिली. आणि बहिणीचं तू स्वतःच लिहून बसलीस. आता तुझं मत मोजता येत नाही. हा नियम व्हावा म्हणून सगळ्यात जास्त भांडली होतीस तूच."

"आणि ते वाक्य घालणारा क्विलाबरीचा पगारी माणूस? त्याचं मोजणार?"

"आपण पगारी आहोत असं तो कुठे म्हणालाय?"

तो हे गंभीरपणे म्हणाला. नोलीनला त्या क्षणी क्विलाबरीपेक्षा डेस्मंडची जास्त किळस आली. चोर निदान पोटासाठी चोरी करतो. हा भला माणूस फुकट, नियमावर बोट ठेवून, चोराला दार उघडून देत होता. आणि त्या दाराची कडी आपणच बसवलेली, हे आठवून तिला स्वतःचीही आली.

आठवडा संपला. निकाल लागला: संदर्भ पुरेसे आहेत, लेख राहील.

शनिवारी ब्रॉन आली ती खुशीतच. तिनं ती अख्खी चर्चा वाचली होती. "आठवडाभर तुझ्याच माणसांनी कीस पाडला आणि ठेवला," चहात बिस्किट बुडवत ती म्हणाली. "एकटी तू विरोधात. तू तर माझ्या लग्नालाही विरोधात होतीस."

नोलीननं बातमीदाराचं, त्या खात्याचं, संचालकाचं सगळं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. तिच्याच तोंडाला त्या संदर्भांची चव कडू लागत होती. "ते सगळं मरू दे," ती म्हणाली. "मी तुझी बहीण म्हणून सांगते. ते लुच्चे आहेत, ब्रॉन. मला भीती वाटते. जाऊ नकोस."

ब्रॉन हसली. "याला संदर्भ काय, नोल?"

हसतच ती कप ठेवायला उठली. तिचा डावा पाय फरशीवर घासत गेला. तिनं ओट्याची कड धरली आणि पाठमोरीच म्हणाली, "थकलेय नुसती."

नोलीन त्या पायाकडे पाहत राहिली. आधी तो असा घासत नव्हता.

"सलाइन कधीपासून बंद केलंस?"

ब्रॉननं कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "तुमचा लेख वाचला, त्या दिवसापासून."