सहा तंबूंचा चहा

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर रस्ता नाही, खांब नाही, दुकान नाही. चारशे किलोमीटर नुसती वाळू, आणि ती ओलांडायला चाळीस वर्षांची, कापडी टपाची एक जीप. पेट्रोल किती घ्याल? उत्तर द्यायची घाई नको. आधी हमूदमामाचा हिशेब ऐका, म्हणजे कसं मोजू नये ते तरी कळेल.

मॉरिटानियातल्या अतार गावात, गॅरेजसमोर, हमूदमामा वही उघडून उभा होता. त्याची भाची सलेका जीपच्या मागच्या भागात पाय पोटाशी घेऊन बसली होती. शाळेला सुट्टी लागली होती. वाळूपलीकडच्या तंबूंच्या तळावर तिची आई होती, वर्षभर न भेटलेली. आज ही जीप चुकली की पुढच्या वर्षीच.

"लिटरला पाच किलोमीटर. म्हणजे ऐंशी लिटर. झालं!" मामाने वही मिटली.

गाडीखालून म्हातारा दैदा मिस्त्री बाहेर सरकला. वाट दाखवायला तोच बरोबर जाणार होता. "पाच डांबरावर देते रे शहाण्या. वाळूत तीन दिले तर नशीब समज. नाहीतर असं कर, त्या वहीला चाकं लाव आणि तिच्यावरच बसून जा."

"आजोबा, राजधानीत मी दहा वर्षं ऑफिस चालवलंय."

"ऑफिस वाळूत रुतत नाही."

मामाने नाक मुरडलं, पण आकडा खोडला. एकशे चौतीस. टाकीत साठ आणि वीस-वीसचे चार कॅन, मिळून एकशे चाळीस. "सहा लिटर शिल्लक! आता तरी बोलती बंद?"

दैदा थुंकला. "स्टार्टर जळलाय. पुढून फिरवायचं हँडलही तुटलंय. ढकलून सुरू करावी लागेल."

"करू की. चार माणसं मिळतील इथे."

सलेकाला मामाचं हसू यायचं. जोडे रोज पुसणारा आणि स्वतःच्या बेरजेवर स्वतःच खूश होणारा माणूस. पण आता तिचं हसू थांबलं.

"मामा, वाटेत आपल्या नात्यातले तंबू किती?"

"सहा. का?"

"सगळीकडे थांबायचं?"

"मग काय, मावशीच्या तंबूवरून चहा न घेता पुढे जाऊ? तुझ्यासारखा उडाणटप्पू आहे का मी?"

"चहा तीनदाच ना?"

"तीनदा म्हणजे तीनदा. दुसऱ्या पेल्यावर उठणाऱ्याला लोक माणूस म्हणत नाहीत. ही पोरगी शाळेत काय शिकते देव जाणे!"

सलेकाने शेजारच्या कॅनकडे पाहिलं. पुढचं बोललं तर काय होईल हे तिला दिसत होतं. ती बसली होती ती जागा बरोबर एका कॅनएवढी होती. पण न बोलावं, तर गाडी आईच्या अलीकडेच कुठेतरी बंद पडणार.

"आणि चहा होईपर्यंत इंजिन बंद ठेवायचं?" ती म्हणाली. "मग मऊ वाळूत ढकलणार कोण? मावशी?"

दैदाने कपाळावर हात मारला. निखाऱ्यावर तीनदा उकळायचं म्हणजे दर तंबूला दीड तास. नऊ तास गाडी जागच्या जागी घुरघुरणार, तासाला दीड लिटर पिणार. "साडेतेरा लिटर नुसत्या चहाला! आणि माझ्याही डोक्यात आलं नाही, गाढवाच्या." मग तो मामाकडे वळला. "तू तर ऑफिसच चालव."

मामाचा चेहरा उतरला. पाचवा कॅन हवा होता. टप कापडाचा, त्यावर काही ठेवता येईना. पुढे दोघं. मागे चार कॅन, पाण्याच्या पखाली, तळावरच्यांसाठी साखर, मामाची चामडी पेटी आणि सलेका.

"पोरीला राहू दे. पुढच्या सुट्टीत नेऊ," मामा म्हणाला.

"आणि पेटीत काय आहे?" दैदाने विचारलं.

"झगे आहेत. इस्त्रीचे. सहा तंबूंत काय एकच झगा घालून जाऊ? लोक काय म्हणतील?"

सलेकाने मामाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या चकचकीत जोड्यांवर नजर टेकवली, आणि बसल्या बसल्या दोन्ही पायांनी पेटी गाडीबाहेर ढकलून दिली.