माळ्यावरची फाईल

रेकॉर्डरूमच्या बाईंना सगळं हॉस्पिटल ‘रेकॉर्डबाई’ म्हणायचं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. का नाही आवडणार? एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही फाईल इकडची तिकडे झाली नव्हती. मोठमोठे डॉक्टर त्यांच्या खिडकीशी येऊन ‘बाई, जरा बघता का’ असं अजिजीने म्हणत, आणि बाई चष्मा नाकावर सरकवत ‘चिठ्ठी आणलीत का?’ असं विचारत. चिठ्ठीशिवाय त्यांनी साक्षात मोठ्या साहेबांनाही फाईल दिली नसती. कागदांच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा अकरा हजार फायली स्कॅन झाल्यावर प्रत्येकीला नाव दिलं ते बाईंनीच. कागद रद्दीत गेले त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या, पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला टेबलावरचा फोन खणाणला. ऑपरेशन थिएटरमधून भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बोलत होत्या.

“रेकॉर्डबाई, अपघाताची केस आहे. सव्वीस वर्षांची मुलगी, पोटात रक्तस्राव होतोय, बेशुद्ध आहे. लहानपणी आपल्याच हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हा भुलीतच ती जाता जाता वाचली, असं आई सांगते. पण कशाने, ते आईला आठवत नाही. मला तेवढंच हवंय.”

“दुसरं कुठलं तरी औषध देता येत नाही का?”

“तेच तर! ते ॲलर्जीमुळे झालं असेल तर एक औषध टाळायचं, आणि भुलीने अंगात ताप चढला असेल तर दुसरं. एकात जे चालतं तेच दुसऱ्यात जीव घेतं. आईला तुमच्याकडे पाठवलंय. माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत, जास्तीत जास्त.”

फोन ठेवेपर्यंत आई दारात आलीसुद्धा. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तिने मुलीचं नाव आणि ऑपरेशनचं साल सांगितलं. डॉक्टरांनी तेव्हा एका कागदावर औषधाचं नाव लिहून दिलं होतं, तो कागद घर बदलताना हरवला, असंही ती सांगत राहिली, तीनदा, जणू त्या हरवलेल्या कागदाची माफी मागत होती.

“बसा ताई. माझ्याकडची फाईल हरवत नाही,” बाई म्हणाल्या.

आणि फाईल होतीच. ब्राउझरमधल्या यादीत नाव टाकल्याबरोबर समोर आली. बाईंनी आईकडे एक नजर टाकली, ‘बघितलंत?’ अशी, आणि नावावर क्लिक केलं.

पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं सांडली.

बाईंनी पडद्यावरची खिडकी बंद करून परत क्लिक केलं. परत तोच कचरा. मोबाईल काढून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. हा गृहस्थ पलीकडच्या इमारतीत बसायचा आणि त्याला सगळे ‘रिस्टार्ट’ म्हणायचे, कारण कुठलंही दुखणं सांगा, त्याचा पहिला उपाय तोच. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

“ब्राउझर फाईल उघडत नाहीये. लवकर सांगा काय करू. एका मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“कॉम्प्युटर रिस्टार्ट केलात?”

“अहो, तो सुरू व्हायला चार मिनिटं घेतो!”

“नको नको, मग राहू दे,” रिस्टार्टचा आवाज एकदम बदलला. त्याला परिस्थिती समजली होती. “फक्त ब्राउझर बंद करून उघडा.”

उघडला. तेच. मग त्याने साठलेला जुना डेटा पुसायला लावला. बाईंच्या हातातला माऊस भलतीकडेच पळत होता. पुसला. तेच. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘कागदपत्रं ब्राउझरमध्येच उघडा’ हा पर्याय शोधायला लावला. तो आधीपासूनच चालू होता. मग दुसरा ब्राउझर. त्याने तर काहीच दाखवलं नाही, नुसता कोरा पांढरा पडदा.

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिच्या श्वासाचा आवाज बाईंच्या कानाशी येत होता. “नाही उघडत का हो?” तिने विचारलं.

“उघडेल,” बाई म्हणाल्या.

टेबलावरचा फोन वाजला. “आठ मिनिटं राहिलीत, बाई. रक्तदाब खाली चाललाय.”

“बघतेय डॉक्टर, बघतेय!”

“दुसरी एखादी फाईल उघडून बघा,” रिस्टार्ट म्हणाला.

बाईंनी कालच्या एका पेशंटची फाईल उघडली. ती झटकन उघडली, अगदी शहाण्या बाळासारखी.

रिस्टार्ट म्हणाला, “बाई, म्हणजे ब्राउझर ठीक आहे. फाईलच खराब झाली असणार. स्कॅन करतानाच... आता काही करता येईलसं वाटत नाही.”

आईने हे ऐकलं. ती मटकन खाली फरशीवरच बसली. बाईंना तिच्याकडे बघवेना. अकरा हजार फायलींमधून नेमकी हीच खराब व्हावी? आणि कागद रद्दीत देताना सही कोणाची होती? आपलीच.

“नाही,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक फाईल मी स्वतः उघडून बघितली होती. नाव द्यायच्या आधी. ही उघडली होती!”

“नाव द्यायच्या आधी?” रिस्टार्टने विचारलं. “बरं, मी इथून शोधतो. पूर्ण नाव वाचा, शेवटच्या अक्षरापर्यंत.”

बाईंनी वाचलं. मुलीचं नाव, साल, क्रमांक, टिंब, पीडीएफ.

“अशी फाईल माझ्याकडे दिसतच नाही.”

“अहो, डोळ्यांसमोर आहे माझ्या!”

“परत वाचा. जे दिसतंय ते सगळं वाचा, बाई. काहीही सोडू नका.”

बाईंनी परत तेच वाचलं. आणि फरशीवर बसलेली आई, पडद्याकडे बघत, बारीक आवाजात म्हणाली, “त्याच्यापुढे ‘माळा’ लिहिलंय ना?”

“ते नावात नाही हो ताई. ते...” बाई बोलता बोलता थांबल्या.

कागदाच्या काळातली रीत होती ती. दहा वर्षं जो पेशंट फिरकला नाही त्याची फाईल खालच्या कपाटातून वर माळ्यावर जायची, आणि बाई तिच्या कडेला, अगदी शेवटी, लाल पेनने लिहायच्या: माळा. ते काही फाईलचं नाव नव्हतं, तो तिचा पत्ता होता. कॉम्प्युटरला कुठला आलाय माळा! पण हाताची सवय. नावं देताना बाईंनी इथेही जुन्या फायलींच्या शेवटी, पीडीएफच्याही पुढे, तो शब्द लिहून टाकला होता. न चुकता. प्रत्येकीला.

“पीडीएफच्या पुढे काही लिहिलंय?” रिस्टार्ट जवळजवळ ओरडलाच. “अहो बाई, त्या शेवटच्या अक्षरांवरून तर ब्राउझरला कळतं ही कुठल्या जातीची फाईल आहे ते! फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि तो शब्द खोडा. फक्त तो शब्द.”

बाईंनी फाईल उतरवली. नावावर गेल्या. एकेक अक्षर मागून पुसलं. कॉम्प्युटरने विचारलं, शेवट बदलल्यास फाईल निकामी होऊ शकते, नक्की बदलायचा?

बाईंचा हात थबकला. एकच तर फाईल होती.

“दाबा!” आई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती.

बाईंनी दाबलं, आणि फाईल उघडली. पिवळट कागदाचा फोटो, कोपऱ्यात चहाच्या कपाचा डागसुद्धा जशाच्या तसा. चौदा पानं. बाईंना कुठलं पान कुठे असतं ते झोपेतही सांगता आलं असतं. नववं पान, भुलीची नोंद. थिएटरचा फोन त्यांनी स्वतःच लावला आणि अक्षर अक्षर वाचलं. “जबडा घट्ट मिटला, अंग ताठ, ताप एकशे सहा. सक्सिनिलकोलीन आणि भुलीचा गॅस, पुन्हा कधीही देऊ नये. खाली दोन रेघा मारल्यात डॉक्टर.”

पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला, “सिस्टर, ही सिरिंज बाजूला टाका. हीच, माझ्या हातातली. मशीनही बदला.” आणि फोन कट झाला.

दोन वाजता आई परत आली. मुलीला वॉर्डात हलवलं होतं, डोळे उघडून तिने पाणी मागितलं होतं. आईने बाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. “तुम्ही होतात म्हणून हो. तुम्ही होतात म्हणून...”

बाईंना ते सहन होईना. ‘असू दे, असू दे’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. एकतीस वर्षं त्या अशीच कौतुकं मान हलवून घेत आल्या होत्या.

“ताई, फाईल माझ्यामुळेच अडली होती,” त्या म्हणाल्या. “तो शब्द मीच लिहिला होता. आज तुमच्या मुलीचं काही बरंवाईट झालं असतं, तर ते माझ्या हातून झालं असतं.”

आईने हात सोडले. रागावली असती तर बरं, असं बाईंना वाटलं.

“अशा किती आहेत?” तिने विचारलं.

“चार हजारांच्या वर.”

“आणि आजच्यासारख्या कोणी मागितल्या होत्या?”

बाईंनी मागणीची वही पुढे ओढली. कागद गेल्यापासूनच्या दोन वर्षांत सात वेळा माळ्याची फाईल मागितली गेली होती. सातही नोंदींपुढे बाईंच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: उघडत नाही, परत पाठवले. तेव्हा घाई नव्हती, जीव टांगणीला नव्हता, डॉक्टरांनी आपलं आपण बघून घेतलं असेल, असं मानून त्या जेवायला गेल्या होत्या आणि ते विसरूनही गेल्या होत्या.

“माझी वाचली,” आई म्हणाली. “आता यांचं बघा.” आणि ती वॉर्डात निघून गेली.

बाईंनी सातातली पहिली फाईल उतरवली, शब्द खोडला. उघडली. साठीचा गृहस्थ, हृदयाचं दुखणं. एका औषधाखाली दोन रेघा. पहिल्या पानावर फोन नंबर होता. बाईंनी तो फिरवला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. कोणी उचलू नये असंही त्यांना एकदा वाटून गेलं.

मग कोणीतरी उचलला. बाईंनी फाईलवरचं नाव घेऊन विचारलं, ते आहेत का.

“मीच बोलतोय,” एक खरबरीत म्हातारा आवाज म्हणाला. “कोण पाहिजे? हॅलो? अहो, बोला की!”

रिसीव्हर कानाशी धरून बाई रडत राहिल्या, आणि दुसरा हात वहीतल्या बाकीच्या सहा नोंदींवर तसाच होता.