लसणाचा वास घेऊन अंदमानला

मी सॅक बोलतेय. पाठीवरची, पंचावन्न लिटरची, निळी. खरं तर निळी होते. उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं आता माझा रंग असा झालाय की काकू मला राखाडी म्हणतात, काका निळी म्हणतात, आणि महिन्यातून एकदा तरी त्यावरून त्यांचं वाजतं.

पत्र्याच्या एका शेडमध्ये, चाळीस शिलाई यंत्रांच्या खडखडाटात मी जन्मले. माझ्या लेबलावर बर्फाचा डोंगर छापलेला होता. फ्रीजरमधला सोडला तर आजतागायत मी बर्फ पाहिलेला नाही.

मला पहिल्यांदा विकत घेतलं रणजितनं. तो वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. गडकिल्ले पालथे घालायचे म्हणून त्यानं मला घेतलं, एकदा एका गडाच्या अर्ध्यापर्यंत नेलं, तिथं कांदाभजी खाल्ली आणि परत आणलं. त्यानंतर चार वर्षं मी दर दुसऱ्या शनिवारी त्याचे मळके कपडे त्याच्या गावी पोहोचवत होते. त्या कपड्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

रणजित जेवायला होता कौशल्याकाकूंच्या मेसमध्ये. बंगळुरूला नोकरी लागल्यावर त्याला कंपनीनं नवी बॅग दिली, तसा तो मला काकूंच्या हवाली करून गेला. काकूंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यात आठ किलो लसूण भरून मला माळ्यावर टाकलं. तीन वर्षं मी तिथं होते. लसूण बदलत राहिला, मी तीच राहिले. वास माझ्या अस्तरात असा काही मुरला की पुढं दोन समुद्रस्नानांनाही तो दाद देईना.

आता काकूंविषयी. कौशल्याकाकू परभणीकडच्या. सव्वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पुण्यात आल्या. नवरा, म्हणजे नागोराव, रांजणगावच्या एका कंपनीत लागला, आणि काकूंनी वाघोलीत दोन खोल्यांत मेस सुरू केली. सकाळ-संध्याकाळ तीस पानं. मुलं जेवताना सुट्टीतल्या भटकंतीच्या गप्पा मारत. स्वस्तातली डॉर्मिटरी कशी शोधायची, सरकारी बोटीचं तिकीट कधी काढायचं, कुठल्या बेटावर सायकल भाड्यानं मिळते. काकू वाढता वाढता सगळं ऐकत आणि एवढंच म्हणत, "भाजी घे अजून."

दीडेक वर्षापूर्वी नागोराव निवृत्त झाले. घरी बसले आणि आठवड्याभरातच मेसचे मुकादम झाले. पोळी जाड झाली, आमटीत पाणी जास्त आहे, गॅस मोठा ठेवलाय. शिवाय पुण्यात इतकी वर्षं काढल्यामुळं त्यांना पाट्या लावायचा रोग जडला होता. 'चटणी एकदाच मिळेल.' 'ताटात हात धुणाऱ्यांनी घरी जेवावे.' मुलं पाट्यांचे फोटो काढून हसत. काकू हसत नव्हत्या.

एका दुपारी त्या स्टुलावर चढल्या, मला खाली ओढलं, लसूण वर्तमानपत्रावर ओतला आणि गॅलरीत नेऊन मला चांगलं झटकलं. नागोरावांनी पेपरातून मान वर करून विचारलं, काय चाललंय.

"अंदमानला चाललेय. मेस तीन आठवडे बंद."

"कुणाबरोबर?"

"हिच्याबरोबर," काकू म्हणाल्या आणि मला दोन थापा मारल्या.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सन्मान.

झालं होतं असं, की याआधी काकूंनी नवऱ्याला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं की समुद्रात पाहायचं काय, पाणीच असतं. मग चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. दीक्षा नावाची मेसमधली एक जुनी मुलगी आता हॅवलॉक बेटावर डायव्हिंगच्या दुकानात कामाला होती. तिच्याकडून त्यांनी सगळं ठरवून घेतलं. एका माणसाचं.

नागोराव दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उचलून पाहिलं, एवढं ओझं तुला झेपायचं नाही असं जाहीर केलं, आणि दीक्षाला अजून एक तिकीट काढायला सांगितलं. म्हणजे ते हमाल म्हणून आले.

उरला मुलगा. दत्तप्रसाद खराडीला आयटी कंपनीत. गुणी मुलगा, पण आईवडील काचेचे आहेत अशी त्याची समजूत. मागं दोघांनी गोवा पाहायचा म्हटलं, तर त्यानं अशी सहल काढून दिली की शिट्टी वाजवणाऱ्या एका गाइडमागं फिरून त्यांनी सगळा गोवा बसच्या खिडकीतून पाहिला. यावेळी त्याला सांगण्यात आलं की परभणीकडं भाच्याचं लग्न आहे आणि पुढं काही दिवस बहिणीकडं मुक्काम. सून प्रियदर्शनीनं फोनवर विचारलं, कुठली साडी नेताय. काकूंनी जांभळी पैठणी सांगितली. त्यावेळी माझ्या पोटात दोन पंजाबी ड्रेस, एक टॉवेल आणि मेथीचे ठेपले होते.

पुण्याहून रेल्वेनं चेन्नई, तिथून बोट. विमानापेक्षा बोट स्वस्त, असं मुलांनीच तर शिकवलं होतं. नागोरावांनी मला पुणे स्टेशनच्या जिन्यापर्यंत मोठ्या दिमाखात नेलं. जिन्याच्या नवव्या पायरीवर त्यांच्या पाठीतून एक आवाज आला, तो मलाच ऐकू आला. वरच्या पायरीवर काकूंनी मला आपल्या खांद्यांवर घेतलं. सव्वीस वर्षं पिठाची पोती उचललेली पाठ ती. मी तिथं अशी बसले की जणू माझं माप घेऊनच ती घडवली होती.

बोटीत तीन दिवस. नागोराव आडवे पडून मला मिठी मारून होते, कारण उलट्या. काकू डेकवर. आमच्या बंकभोवती माझ्या वासामुळं कायम मोकळी जागा असे. इतक्या गर्दीत इतकं प्रशस्त कुणी राहिलं नसेल, आणि तेही सर्वांत स्वस्त वर्गात.

तिथून छोट्या बोटीनं हॅवलॉकला जाऊन आम्ही उतरलो ते बद्रीनाथ नावाच्या माणसाच्या हॉस्टेलवर. नारळीच्या बनात एक लांब खोली, त्यात दुमजली पलंग, बारा पोरंपोरी. काकूंनी वरचा पलंग घेतला. पंचावन्न वर्षांची बाई शिडी चढून वर गेली आणि पाय खाली सोडून हलवत बसली, हे पाहून एका परदेशी मुलीनं टाळ्या वाजवल्या.

दोन दिवस फार छान गेले. भाड्याच्या सायकली, शहाळी, आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या काकू. तेवढ्यात माझ्या कप्प्यात दत्तप्रसादचा फोन वाजला, तशा त्या धावत वाळूवर आल्या.

"आई, आवाज कसला येतोय?"

"कूलर लावलाय."

"डिसेंबरमध्ये?"

"मांडवात गर्दी आहे बाबा," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या कप्प्यात टाकला आणि परत पाण्यात जाऊन एक लाट अंगावर घेतली.

तिसऱ्या दिवशी मात्र सगळं बिनसलं.

संध्याकाळी नागोराव बद्रीनाथच्या ऑफिसातून बाहेर आले ते भलतेच खुशीत. हॉस्टेलचा स्वयंपाकी घरी काही अडचण निघाल्यानं सोडून गेला होता. नागोरावांनी बायकोच्या हाताचं कौतुक केलं आणि सौदा पक्का करून टाकला. काकूंनी रोज रात्री सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, बदल्यात दोघांचं राहणं-जेवण फुकट. काकू तेव्हा ओले केस पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तुझ्या हातचा मळ आहे तो."

काकूंचा हात पुन्हा चालू झाला. केस पुसून झाले, शिडी चढून वर गेल्या. तीन आठवडे स्वयंपाकाला हात लावायचा नाही, एवढ्यासाठीच ती बाई दोन हजार किलोमीटरवर आली होती. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. पण मला भरताना तिनं पोळपाट उचलला नाही, लाटणं उचललं नाही, साधी सुरीही घेतली नाही. मी मनात तेव्हाच नोंद केली होती.

सकाळी त्यांनी माझ्यातून नागोरावांचे दोन शर्ट, एक पँट, टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या काढून त्यांच्या पलंगावर नीट मांडल्या. मग मला पाठीवर घेतलं. नागोराव अंगणात चहा पीत होते.

"करार तुम्ही केलाय, तुम्ही पाळा," काकू म्हणाल्या. "बारा माणसं आहेत. भात आधी टाका."

आणि त्या निघाल्या. फाटकापाशी त्या वळतील अशी नागोरावांची खात्री होती. त्या वळल्या नाहीत. पण सॅकचं तोंड नेहमी मागं असतं, त्यामुळं मी सगळं पाहिलं. आधी ते हसले. मग कप खाली ठेवला. मग उभे राहिले, आणि उभेच राहिले.

सकाळच्या बोटीनं आम्ही नील बेटावर. धक्क्याजवळ एका बंगाली बाईची खानावळ होती, तिच्यामागची झोपडी काकूंनी दीक्षाकरवी घेतली. दुपारी त्या खानावळीत बसल्या. ताट समोर आलं. गरम भात, डाळ, मासळीचा रस्सा. काकू हात मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसत्याच पाहत राहिल्या. जेवून झाल्यावर सवयीनं ताट उचलून मोरीकडं निघाल्या, तर ती बाई धावत आली आणि तिनं ते हातातून काढून घेतलं. मग काकू पुन्हा बाकावर बसल्या आणि कुणालाही दिसणार नाही अशा बेतानं रडल्या. मला टेकून बसल्या होत्या म्हणून मला समजलं.

त्यानंतर मात्र त्यांनी ऐश केली. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतून तास तास फिरल्या. मला वाळूवर ठेवून पाण्यात बसून राहिल्या. दुपारी झोपल्या. मला काही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी धक्क्यावर जाऊन हॅवलॉकहून येणाऱ्या बोटीची वेळ विचारून घेतली. तिसऱ्या दिवशी बरोबर त्या वेळेला त्यांना धक्क्यावर शहाळं प्यायची इच्छा झाली.

बोटीतून नागोराव उतरले, दीक्षाकडून आमचा ठिकाणा काढून. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात शर्ट, अंगठ्याला पट्टी. ते येऊन बाकावर बसले, मध्ये हातभर जागा सोडून. त्या जागेत मी होते. दोघं समोरची बोट पाहत होते.

"बारा माणसांना मीठ किती घालतेस?" नागोरावांनी विचारलं.

"अंदाजानं."

"तो अंदाज यायला किती दिवस लागले?"

"पहिलं वर्षभर रोज चुकायचा," काकू म्हणाल्या. "तुमचं आधी वेगळं काढून ठेवायचे. म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही."

नागोरावांनी पट्टी बांधलेला अंगठा चोळला.

"मी विचारायला पाहिजे होतं."

"हो."

काकूंनी अर्धं शहाळं त्यांच्याकडं सरकवलं. माझ्यावरूनच सरकवलं, थोडं सांडलंही, पण मी हूं की चूं केलं नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या रात्री पिठल्यात लिंबाएवढ्या गाठी झाल्या होत्या. एका परदेशी मुलीला वाटलं तो पदार्थच तसा असतो, तिनं आणखी दोन गाठी मागून घेतल्या. भात खालून करपला. दुसऱ्या रात्री खिचडी जमली. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथला दुसरा स्वयंपाकी मिळाला आणि त्यानं नागोरावांची सुटका केली. अंगठा चिरला तो कांद्यानं नव्हे, कांदा कापताना इतरांना सूचना देण्यानं. हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि काकू तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

संध्याकाळी दत्तप्रसादचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"आई, लग्न कसं झालं?"

"छान झालं."

"बाबा आचारी होते का लग्नात?"

हॉस्टेलवरच्या कुणीतरी नागोरावांचा फोटो टाकला होता. कमरेला टॉवेल, हातात झारा, मागं नारळी. तो फिरत फिरत प्रियदर्शनीच्या फोनवर पोहोचला होता. दत्तप्रसाद रागावला. तुमचं वय काय, बोटीनं कसले जाता, काही झालं असतं म्हणजे, आणि मुळात खोटं का बोललात. काकूंनी त्याला सगळं बोलू दिलं.

"खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

 पलीकडं मागून प्रियदर्शनीचं हसू ऐकू आलं, आणि तिनं नवऱ्याच्या हातातून फोन घेऊन एकच गोष्ट मागितली. त्या हॉस्टेलचा नंबर.

या सगळ्याला वर्ष होऊन गेलं. मेस चालू आहे. आता सकाळची कणीक नागोराव मळतात, बरी मळतात. माझी मोठी चेन तुटली होती, ती त्यांनीच जाड सुईनं बसवली. टाके वाकडे आहेत, पण धरून आहेत. तळाला मिठाचा पांढरा डाग पडलाय, तो जात नाही आणि जाऊही नये.

आज आम्ही श्रीलंकेला निघालोय. यावेळी दत्तप्रसादला खरं सांगितलंय. त्यानं विम्याचे कागद पाठवले आणि बाकी गप्प बसला. नागोरावांनी स्वतःसाठी वेगळी सॅक घेतलीय, लाल, कडक, अजून दुकानाचा वास येणारी. ती माझ्याशेजारी नाक मुरडून बसलीय. बसू दे. एक समुद्र पाहिला की येईल जमिनीवर.

मघाशी नागोराव सामान भरत होते. कपडे झाले, गोळ्या झाल्या. मग त्यांनी ओट्यावरची पळी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि लाल सॅकच्या बाजूच्या कप्प्यात खोचली. तिथं मी करीन, तू बस, असं काहीसं पुटपुटले. काकू उठल्या. पळी काढली, फडकं सोडलं आणि ती परत ओट्यावर ठेवली.

"तिथं कुणीच नाही करायचं," त्या म्हणाल्या.

खाली रिक्षा येऊन उभी आहे. काकूंनी माझे पट्टे खांद्यावर घेतलेत. तुमच्या घरात माझी एखादी बहीण पडून असेल, तर तिच्यातलं सामान आजच दुसरीकडं हलवा. बाकीचं ती बघून घेईल. येते मी.