बादलीतली निळी पट्टी

बाबांनी चाळीस वर्षं कापड रंगवलं. पाण्यावर नुसता हात धरून ते किती तापलंय ते सांगायचे, आणि चुकत नसत. मग मधुमेहाने हातापायांची जाण नेली. गेल्या वर्षी कढत पाण्यात पाय बुडवून बसले. फोड आले ते मोजा ओला झाल्यावर कळलं.

तेव्हापासून त्यांच्या अंघोळीआधी पाणी मी बघायची. "घ्या परीक्षा," म्हणत ते दार उघडायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. पुढेपुढे अंघोळच टाळू लागले. तापमापक आणला, तो कपाटात गेला. पाणी कापडाला विचारायचं असतं, आकड्यांना नाही, असं त्यांचं म्हणणं. हट्टीपणात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही.

मी पॉलिएस्टरवर छापायच्या शाई बनवते. म्हटलं, कापडालाच विचारू. चाळीस अंशांच्या वर गेली की निळीची पांढरी होणारी शाई करायला घेतली. तिच्यातले रंगाचे कण मैद्याहून बारीक हवेत, नाहीतर छपाईयंत्राची तोंडं तुंबतात. चार महिने त्यात गेले. अखेर पट्टी सुरेख छापली गेली. गरम पाण्यात बुडवली, तर निळीची निळीच. पंधरा दिवस मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं.

शेवटी जेवताना बाबांनी विचारलं, छापल्यावर काय करतेस? नेहमीचंच, मी म्हटलं. पॉलिएस्टरवर रंग पक्का बसावा म्हणून तापत्या प्रेसमध्ये एकशेऐंशी अंशांवर दाबते.

ते ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, ताप ओळखणाऱ्यालाच तापात घातलंस?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप प्रेसकडे गेला होता, आणि त्या तापात शाईची रंग बदलायची ताकदच मरत होती. मग रंग कापडाला धरून ठेवणारा, मंद आचेवर बसणारा चिकटा शाईत घातला. वीस धुण्यांनंतरही पट्टी गरम पाण्यात पांढरी व्हायची आणि निवली की पुन्हा निळी.

आज सकाळी ती बादलीच्या कडीला बांधून पाण्यात सोडली. बाबा आत गेले. मी सवयीने दाराशी उभी राहिले आणि विचारलं, "पाणी बघू का?"

आत गार पाण्याचा नळ सुटला, बंद झाला.

"पांढरी होती, आता निळी झाली," ते आतून म्हणाले. "तू जा कामाला."

आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी आतून कडी लावली. मला रडू आलं. कामाला उशीर झाला तरी पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच उभी होते.